जुन्या जीपगाडीतील पेट्रोलचा वास : शोध आणि दुरुस्ती

पेट्रोलवर चालणारी जुनी जीप ज्या वस्तीवर आहे तेथे पेट्रोलचा थोडासा वास हा गाडीचा स्वभावच समजला जातो. मालकाने मिस्त्रीकडे तक्रार केली, तर "दादा, पेट्रोलची गाडी आहे, पेट्रोलचाच वास येणार, अत्तराचा कुठून येईल?" असे उत्तर मिळते आणि दोघेही हसून चहाला जातात. ही समजूत चुकीची आहे. टाकी भरताना येणारा क्षणिक वास सोडला, तर सुस्थितीतील जुन्या गाडीतही नाकाला सतत जाणवेल असा पेट्रोलचा वास येता कामा नये. येत असेल तर पेट्रोल कोठून तरी बाहेर पडत आहे, आणि ती जागा शोधून काढता येते. त्यासाठी मोठी उपकरणे लागत नाहीत. लागतो तो थोडा धीर, एक ठरलेला क्रम आणि नळ्या-वॉशरांचा माफक खर्च.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेचा आरंभ झाला आणि विकास गटांच्या कामानिमित्त ही गाडी खेडोपाडी पोहोचली. पुढे अनेक जीपांना डिझेल एंजिने बसविण्यात आली. तरीही मूळ पेट्रोल एंजिनाच्या जीपा काही बागाईतदारांनी जिवापाड जपल्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर यांचे उत्पादनही आता बंद झालेले आहे, पण काही घरांत त्या अजून धावतात. पुढील विवेचन मुख्यतः जीपला धरून केलेले असले, तरी कार्ब्युरेटर असलेल्या कोणत्याही जुन्या मोटारीस ते लागू पडेल.

वासाकडे दुर्लक्ष का करू नये

शहरातील मोटार सिमेंटच्या गाळ्यात उभी असते. शेतावरील जीप बहुधा गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या छपरात उभी असते. एका बाजूस कडब्याची गंज, दुसऱ्या बाजूस खताच्या गोण्या, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. रॉकेलचा डबा जेथे वर्षानुवर्षे निर्धोकपणे राहिला तेथे पेट्रोलही राहील, असे अनेकांना वाटते. पण या दोहोंत मोठा फरक आहे. रॉकेलवर पेट घेण्याजोगी वाफ जमण्यास ते साधारणपणे ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. पेट्रोलवर अशी वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तयार असते. म्हणजे आपल्याकडील माघाच्या पहाटेसही सांडलेले पेट्रोल ठिणगीची वाटच पाहत असते.

दुसरी गोष्ट अशी की, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उंबऱ्यावरून उतरते, मोरीत आणि खड्ड्यात साचते. हवेत या वाफेचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसातच्या दरम्यान आले की मिश्रण स्फोटक होते. हिशेबाने पाहिले, तर एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाल्यास आठ फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली अशा हवेने भरू शकते. मिनिटाला वीसेक थेंब गळणाऱ्या सांध्यातून दिवसभरात अर्ध्या लिटराच्या आसपास पेट्रोल जाते, आणि उघड्यावर ते लागलीच उडून जात असल्यामुळे जमिनीवर ओलही दिसत नाही. दिसते ती फक्त पेट्रोलपंपावरची पावती थोडी जड झालेली.

म्हणून पहिले काम शोधाचे नसून गाडी हलविण्याचे आहे. वास येऊ लागताच गाडी धक्का मारून उघड्या जागी, गोठ्यापासून व कडब्यापासून दूर न्यावी. ज्या छपरात वास कोंडला आहे तेथे ती चालू करू नये. स्टार्टरची ठिणगीही पुरेशी होते. त्यानंतर बॅटरीची गाडीच्या सांगाड्यास जोडलेली तार सोडावी. विडी-सिगारेट व भ्रमणध्वनी दूर ठेवावेत. विजेरी वापरावयाची झाल्यास ती गाडीपासून लांब असताना पेटवावी व तशीच पेटती आणावी, कारण तिच्या बटणातही ठिणगी असते. टाकीत किती पेट्रोल आहे हे पाहण्यासाठी काडी ओढणारा माणूस ही केवळ सांगोवांगीची गोष्ट नव्हे. घाईत आणि अंधारात शहाणी माणसेही असे करतात. एक बादलीभर कोरडी वाळू आणि शक्य झाल्यास कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग सर्वत्र वाहवते.

वासाची वेळ ओळखावी

अनुभवी फिटर पाना उचलण्यापूर्वी मालकास एकच प्रश्न विचारतो : वास केव्हा येतो? या प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले, तर अर्धे काम झाले असे समजावे.

टाकी भरल्यानंतर दोन-चार दिवस वास येतो आणि पेट्रोल निम्म्यावर आले की नाहीसा होतो, असे असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगास आहे. झाकण, तोंडाची नळी किंवा पेट्रोल दाखविणाऱ्या काट्याच्या यंत्राखालील वॉशर तपासावा. गाडी रात्रभर थंड उभी असता सकाळी वास येतो, तर टाकी, तिच्यापासून निघालेली नळी किंवा खालचा एखादा सांधा झिरपत आहे. केवळ एंजिन चालू असताना वास येतो, तर पंपापुढील भाग पाहावा, कारण तेथे पेट्रोल दाबाखाली असते. लांबून येऊन गाडी उभी केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास सुटतो, तर कार्ब्युरेटरकडे वळावे. वळणावर किंवा चढावर वास येत असेल, तर टाकीतील पेट्रोल हेलकावून ज्या बाजूस जाते त्या बाजूचा सांधा संशयास्पद आहे.

नाकावर मात्र फार काळ विसंबून चालत नाही. सतत तोच वास घेत राहिल्यास पाच-दहा मिनिटांत नाक बधिर होते आणि वास गेला असा भ्रम होतो. बोनेटमध्ये डोके घालून अर्धा तास वास हुंगणाऱ्या मिस्त्रीपेक्षा अंगणातून नुकत्याच आलेल्या माणसाचे नाक अधिक खरे सांगते. पुष्कळ घरांत गळती प्रथम कळते ती घरातील बायकांना. छपराशेजारी स्वयंपाक करताना "गाडीचा वास येतोय हो" असे त्या चार दिवस सांगत असतात आणि पुरुषमंडळी ते मनावर घेत नाहीत. हे सांगणे मनावर घ्यावे.

आणखी एक गोष्ट शोधाच्या आरंभीच उरकून घ्यावी. गाडीच्या मागील भागात पॉवर स्प्रेचे यंत्र, गवत कापण्याचे यंत्र किंवा पेट्रोलचा प्लॅस्टिकचा कॅन पडलेला असतो. बुचाची चकती सुटलेला असा एक कॅन सगळ्या गाडीला वास देतो, आणि मालक मात्र कार्ब्युरेटर उघडून बसतो. गाडी पूर्ण रिकामी करून, ताडपत्री व गाद्या काढून, एक रात्र उघड्यावर ठेवावी. मगच शोध सुरू करावा.

टाकी

जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ही रचना युद्धकाळात सोयीची होती. आज ती सर्वांत अधिक सावधगिरीची जागा आहे. टाकी गाडीच्या तळात केलेल्या खळग्यात बसविलेली व पट्ट्यांनी आवळलेली असते. शेतातील चिखल, शेणखताची धूळ आणि पावसाचे पाणी या खळग्यात साचते. पट्टीखालील कापडी किंवा नमद्याची गादी ओलावा धरून ठेवते. परिणामी टाकी वरून नव्या रंगाने चकचकीत दिसत असली, तरी पट्टीखाली आणि तळाशी गंजून चाळणीसारखी झालेली असते. आसन काढून वरून पाहणे पुरेसे नाही. पेट्रोल काढून घेऊन पट्ट्या सोडाव्यात आणि टाकी बाहेर काढून उन्हात पालथी करून पाहावी. तळावर पिवळट-तपकिरी, चिकट वर्तुळ दिसले, तर त्याच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढे भोक असणार हे नक्की समजावे. पेट्रोल उडून जाते आणि त्यातील राळेसारखा अंश मागे राहतो. तेच हे वर्तुळ.

शंका असेल तर सांध्यावर खडूची पूड किंवा अंगाला लावण्याची पावडर पातळ भुरभुरावी आणि काही तास थांबावे. जेथे पेट्रोल झिरपते तेथे पूड ओली होऊन रंग बदलते. हा साधा उपाय टाकीस, नळीस व पंपासही सारखाच उपयोगी पडतो. कंप्रेसरची हवा टाकीत भरून फुगे पाहण्याचा प्रयोग मात्र करू नये. पातळ पत्र्याची जुनी टाकी त्या दाबाने शिवणीवर उकलते.

टाकीच्या दुरुस्तीबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगावयास हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते आणि हवाही थोडी. रिकाम्या टाकीत तळाशी राहिलेल्या चमचाभर पेट्रोलाने संपूर्ण पोकळी स्फोटक मिश्रणाने भरते. "टाकी रिकामीच आहे, दोन मिनिटांत वेल्ड मारून देतो" असे म्हणणाऱ्या कारागिराच्या हाती ती देऊ नये. टाकी उकळत्या पाण्याने व धुण्याच्या सोड्याने पुनःपुन्हा धुऊन, वाफ देऊन, वास संपूर्ण गेल्यावर आणि शक्य तेवढी पाण्याने भरून, हे काम जाणणाऱ्यानेच झाळावी. तळ फार गंजला असेल तर झाळत बसण्यापेक्षा नवी टाकी बसविणे शेवटी स्वस्त पडते. रस्त्यात असताना अंगाच्या साबणाची वडी भोकावर घासून गळती थांबविण्याचा जुना उपाय अनेकांस माहीत आहे. तो घरी पोहोचण्यापुरता खरा. त्यावर आठवडे काढू नयेत. एपॉक्सी लुकणाचेही तसेच.

झाकणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या गाडीच्या झाकणात हवा आत येण्यासाठी सूक्ष्म वाट ठेवलेली असते. मूळ झाकण हरवले की बाजारात मिळेल ते बसविले जाते, किंवा चिंधी खोचून त्यावर पिशवी बांधली जाते. सैल झाकणातून वाफ बाहेर पडते. उलट हवेची वाट नसलेले घट्ट झाकण बसविल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाला पेट्रोल मिळत नाही आणि गाडी चढावर बंद पडते. तेव्हा झाकण त्या गाडीसाठी योग्य त्याच प्रकारचे असावे व त्यातील चकती मऊ असावी. टाकी गळ्यापर्यंत भरण्याची सवयही सोडावी. सकाळी गार पेट्रोल काठोकाठ भरले आणि दुपारी गाडी उन्हात उभी केली की ते फुगून बाहेर येणारच.

नळ्या, आणि उसाचे मद्यार्क

पूर्वी रबरी नळी दहा-दहा वर्षे टिकत असे, आता दोन वर्षांत फुगते किंवा चिरते, अशी तक्रार जुन्या गाड्यांचे मालक करतात. या तक्रारीत तथ्य आहे, आणि तिचे मूळ शोधत गेल्यास ते उसाच्या फडापर्यंत पोहोचते. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ साली ५ टक्क्यांपासून आरंभ झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रण विक्रीस येऊ लागले आणि २०२५ साली तेच देशभर सर्वसाधारण झाले. मळी, उसाचा रस आणि धान्य यांपासून हे मद्यार्क तयार होते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना आणि पर्यायाने ऊस उत्पादकांना त्याचा लाभ आहे, हे सांगण्याची गरज नाही. पण ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला जातो त्याच्याच जुन्या जीपच्या नळ्या त्या उसाच्या मद्यार्काने झिजतात, हा एक विचित्र योग आहे.

कारण असे की, या गाड्या घडविल्या गेल्या तेव्हा त्यांतील रबर, बूच आणि धातू यांची निवड शुद्ध पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरात शिरते, त्यास फुगवते, मऊ करते. आणि गाडी काही दिवस उभी राहून नळी सुकली की तेच रबर आकसून तडकते. बुचाचे वॉशर आणि लाखेचा लेप यांची स्थिती याहून वाईट. पूर्वीचे फिटर सांध्यात शेलॅक म्हणजे लाखेचे द्रावण लावीत. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नसल्यामुळे तो सांधा उत्तम टिके. परंतु लाख मद्यार्कात विरघळते. सुतार पॉलिश तयार करतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. त्यामुळे चाळीस वर्षे कोरडा राहिलेला सांधा नव्या पेट्रोलवर काही महिन्यांत पाझरू लागतो आणि मालकास कारण उमगत नाही. इथेनॉल जुन्या टाकीतील राळ व गंजही सैल करते. तो गाळ पुढे जाऊन कार्ब्युरेटरच्या झडपेत अडकतो, आणि तेथून गळतीचा दुसरा अध्याय सुरू होतो.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर टाकीतील दमट हवेचे पाणी पेट्रोलमध्ये शिरते. मर्यादेबाहेर गेले की पाणी व मद्यार्क मिळून तळाशी वेगळा थर होतो. नळीचे तोंड नेमके तळाजवळ असते. अशी गाडी चालू होत नाही, टाकी आतून गंजते, आणि मिस्त्री प्लग बदलत बसतो. गाडी वापरात नसली तरी दोन-तीन आठवड्यांनी तिला चालवून जुने पेट्रोल संपवावे व ताजे भरावे.

यावर उपाय अवघड नाही. गाडीतील पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या एकदम बदलाव्यात. एक फुटली म्हणून एकच बदलणे म्हणजे फाटक्या धोतराला नवे ठिगळ. नवी नळी इथेनॉलला टिकणारी असावी. चांगल्या नळीच्या अंगावर तिचे मानक छापलेले असते. 'एसएई जे३० आर९' असे लिहिलेल्या नळीस आतून फ्लुओरोइलास्टोमर या प्रकारच्या कृत्रिम रबराचे अस्तर असते व ती या पेट्रोलला दाद देत नाही. कोणताही छाप नसलेली काळी नळी स्वस्त असली तरी घेऊ नये. शेतावर हाताशी असते म्हणून ठिबक सिंचनाची नळी, फवारणी पंपाची नळी किंवा पाण्याची पारदर्शक नळी पेट्रोलला जोडलेली अनेकदा आढळते. या नळ्या पेट्रोलसाठी केलेल्या नाहीत. एंजिनाच्या उष्णतेने त्या मऊ होऊन निसटतात किंवा कडक होऊन मोडतात, आणि हे घडते ते तापलेल्या एक्झॉस्टच्या वरच. नळी तारेने पिळून बांधण्याचीही पद्धत सोडावी, कारण तार रबरात रुतून त्यास कापते. स्क्रूने आवळण्याची क्लिप काही रुपयांत मिळते. ती बेताने आवळावी.

धातूच्या नळ्याही पाहाव्यात. सांगाड्यालगत जेथे क्लिपखाली चिखल बसतो तेथे लोखंडी नळी गंजते. तांब्याची नळी वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने ठिसूळ होते व सांध्याजवळ केसासारखी चीर पडते. ही चीर डोळ्यांस दिसत नाही, पण पूड लावल्यावर दिसते. पितळी सांधा सोडताना किंवा आवळताना दोन पाने वापरावेत. एकाच पान्याने जोर केल्यास नळी पिळवटते. अशा सांध्याच्या आट्यांवर नळकाम करणाऱ्यांची पांढरी फीत गुंडाळू नये. तिचे धागे तुटून जेटमध्ये अडकतात, शिवाय सांधा बसतो तो आट्यांवर नव्हे, नळीच्या पसरट तोंडावर.

पंप

जुन्या जीपच्या एंजिनावर पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप असतो. त्यात रबर-कापडाचा पडदा वरखाली होतो. पडद्यास भोक पडले की दोन गोष्टी संभवतात. पंपाच्या अंगातील छोट्या छिद्रातून पेट्रोल ठिबकते. ही गळती वासाने चटकन सापडते. किंवा पेट्रोल आतल्या बाजूने एंजिनाच्या तेलात उतरते. हा प्रकार अधिक घातक आहे, कारण बाहेर काहीच ओले दिसत नाही. त्याची परीक्षा तेल मोजण्याच्या पट्टीवर होते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, पट्टीवरील तेल पाण्यासारखे पातळ वाटले व त्यास पेट्रोलचा वास आला, तर गाडी एक मैलही चालवू नये. पातळ तेलाने बेअरिंगे जातात आणि क्रँककेसमध्ये वाफ कोंडते. पडदा बदलावा आणि तेलही संपूर्ण बदलावे. पडद्याचा संच घेताना तो इथेनॉलला चालणारा आहे याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. पंपावरील काचेच्या वाटीखाली बुचाचा वॉशर असल्यास त्या जागी योग्य रबराचा घालावा. वाटी अति आवळल्यास तडकते, हे वेगळे सांगावयास नको.

कार्ब्युरेटर

कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखण्याचे काम फ्लोट करतो. शेतातील पाण्याच्या टाकीवरील तरंगता गोळा जसा नळ बंद करतो तसाच हा प्रकार आहे : पेट्रोल वर आले की फ्लोट उचलला जातो आणि सुईसारखी झडप वाट बंद करते. झडपेवर कचरा अडकला, ती झिजली किंवा पोकळ पितळी फ्लोटात पेट्रोल शिरून तो जड झाला, की वाट बंद होत नाही. पेट्रोल वाटीवरून वाहते, एंजिनाच्या अंगावर पडते आणि बोनेट उघडताच डोळ्यांस झोंबेल असा वास येतो. फ्लोट काढून कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल हेलकावल्याचा आवाज येतो. येत नसेल तरी गाडीपासून दूर, गरम पाण्यात बुडवून पाहावा. भोक असेल तेथून बुडबुडे निघतात. झडप व तिची बैठक नेहमी जोडीनेच बदलावी. जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसल्यास ती पाणी व मद्यार्क यांची करणी समजावी व आतील वाटा स्वच्छ करून घ्याव्यात.

वैशाख-ज्येष्ठात बाजारातून परतल्यावर वास सुटतो तो मात्र नेहमीच झडपेचा दोष नसतो. एंजिन बंद झाले की थंड हवा व ताजे पेट्रोल येणे थांबते, आणि तापलेल्या एंजिनाची उष्णता कार्ब्युरेटरमध्ये चढते. वाटीतील पेट्रोल उकळून उतू जाते. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडविणारा जाड वॉशर मूळचा असतो. दुरुस्तीच्या वेळी तो फेकून पातळ कागदी वॉशर घातलेला असेल तर हा त्रास वाढतो. तो परत बसवावा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टला चिकटून जात असल्यास दूर करावी, आणि घरी आल्यावर गाडी छपरात घालण्यापूर्वी अर्धा तास उघड्यावर निवू द्यावी.

धुराड्यातून येणारा वास वेगळा ओळखावा. चोक अडकून राहिला किंवा प्लग पेटत नसला की अर्धवट जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडते. त्यास कच्च्या पेट्रोलपेक्षा उग्र, डोळे चुरचुरविणारा वास असतो व काळा धूर दिसतो. मागची ताडपत्री उघडी व बाजूच्या बंद अशा अवस्थेत जीप चालविल्यास मागील धूर आत ओढला जातो. तळाच्या पत्र्यास भोके असतील तर खालूनही येतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्यास स्वतःचा वास नसतो. प्रवासात मुलांचे डोके दुखू लागले, मळमळ होऊ लागली, तर गाडी लागली असे म्हणून सोडून देऊ नये. उतरून मोकळी हवा घ्यावी व सायलेन्सरचे सांधे तपासून घ्यावेत.

दुरुस्तीनंतर

दुरुस्ती झाली म्हणजे वास गेला असे लगेच गृहीत धरू नये. गाद्या, ताडपत्री व तळातील माती यांत मुरलेले पेट्रोल काही दिवस वास देते. हे सर्व काढून उन्हात टाकावे व तळ धुऊन घ्यावा. भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नयेत. उघड्यावर पसरून सुकवाव्यात. मग टाकी पाऊण भरून गाडी वीस-पंचवीस मैल चालवावी, उघड्यावर उभी करावी आणि तिच्याखाली पुढून मागेपर्यंत कोरडे वर्तमानपत्र पसरून त्यावर दगड ठेवावेत. सकाळी उन्हे येण्यापूर्वी कागद पाहावा. पेट्रोल उडून गेले तरी कागदावर कडा उमटलेली राहते, आणि ती ज्या भागाखाली असेल तेथे पुन्हा पूड लावून पाहावे. असे सलग दोन रात्री करावे. दुसऱ्या रात्री टाकी नेहमीच्या पातळीपर्यंत भरून.

काढून घेतलेले पेट्रोल घरात साठवू नये. कायद्याने घरगुती वापरासाठी परवान्याविना ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगता येत असले, तरी ती मुभा कडब्याजवळ प्लॅस्टिकच्या कॅनात ठेवण्याची नव्हे. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, सावलीत, वस्तीपासून दूर व थोडेच ठेवावे, आणि शक्यतो लवकर गाडीतच वापरून टाकावे. नळ्या ज्या महिन्यात बदलल्या तो महिना व वर्ष आसनाखालील पत्र्यावर रंगाने लिहून ठेवण्याची युक्ती काही बागाईतदार वापरतात. त्यामुळे पुढच्या वेळी मिस्त्री बदलला तरी नळीचे वय विचारावे लागत नाही.